मूठभर मुरमावरचं रान

जून उजाडला की पुण्याच्या टेकड्यांवर वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. कुदळी, फावडी, पाण्याचे टँकर, रोपांनी भरलेले टेम्पो. माणसं मनापासून घाम गाळतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यावी असं काही नसतं. पण खड्ड्यासाठी जागा निवडली जाते ती बहुतेक वेळा गवताची, दगड वर आलेली, झाडोऱ्यातली मोकळी जागा. तिथे काहीच नाही असं वाटतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथलं सगळं जमिनीखाली असतं, म्हणून तसं वाटतं. कळलावी, काळी मुसळी, दीपकाडी, जमिनीवर वाढणारी आमरी (ऑर्किड), खरपुडी: सगळ्यांचे कंद दोन-चार इंच मुरमात उन्हाळा काढत पडून असतात. एक-दोन दमदार सरींनंतर ते फुटणार असतात. कुदळ त्यांच्या आधी पोहोचते.

पुणे आणि आसपासच्या सह्याद्रीतल्या दुर्मीळ, प्रदेशनिष्ठ (म्हणजे त्याच प्रदेशात सापडणाऱ्या) वनस्पतींची यादी काढून बसलं तर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्यातल्या कितीतरी मुळात झाडं नाहीतच. वीतभर, हातभर उंचीच्या छोट्या वनस्पती आहेत, कडेकपारीत लोंबणाऱ्या मांसल खोडाच्या वनस्पती आहेत, चार महिन्यांत जन्मून बी टाकून नाहीशा होणाऱ्या आहेत. त्यांना सावली नको असते, खोल माती नको असते, खत तर नकोच असतं. त्यांना हवा असतो उघडा खडक, पातळ मुरूम, पावसाळ्यात झिरपणारं आणि दिवाळीनंतर आटणारं पाणी, आणि अंगावर येणार नाही इतपतच उंच गवत. ही जागा राहिली तर वनस्पती राहते. जागा बदलली की बागेतल्या कुंडीत ती कितीही फुलली तरी डोंगरावरून ती गेलेलीच असते.

दख्खनचा बसाल्ट थराथरांनी रचलेला आहे. कठीण थराचा उभा कडा होतो, त्याखालच्या मऊ थराचा उतार किंवा टप्पा होतो, माथ्यावर सपाट सडा, म्हणजे खडकाळ पठार, उरतो. चालताना हा एकच डोंगर वाटतो, वनस्पतींच्या दृष्टीने ती वेगवेगळी घरं असतात. कड्याच्या उत्तर तोंडाला ओल जास्त टिकते, दक्षिण तोंड तापतं. टप्प्यावर मुरूम साचतो, तिथे कुसळी गवत आणि कंदवर्गीय वनस्पती. सड्यावरच्या उथळ खळग्यांत पाणी साचतं, तिथे गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू या इवल्या वनस्पती. एका घरातला भाडेकरू दुसऱ्यात नांदत नाही. निसुर्डीचंच बघा. सिंहगड, पुरंदर, जुन्नरच्या बाजूला ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलणारी ही निळी फुलं गवताळ उतारावर येतात. तो उतार झाडांनी झाकला की ती पुन्हा तिथे दिसत नाहीत.

खरपुडी किंवा कंदीलपुष्प या गटाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या सगळ्या प्रश्नाच्या गाठी तिच्यात एकत्र सापडतात. महाराष्ट्रात या प्रजातीचे कितीतरी प्रकार आहेत आणि त्यातले बरेच जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. पुणे जिल्ह्याचा यात मोठा वाटा आहे. जुन्नरजवळच्या डोंगरात सापडलेल्या एका जातीला पुण्यातले ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांचं नाव १९७१ मध्ये दिलं गेलं. ती वेल नाही, गवताच्या पात्यांत पात्यासारखीच सरळ उभी राहते. फूल नसताना शेजारी उभं राहूनही ती ओळखू येत नाही. सिंहगडाच्या परिसरात निसर्ग अभ्यासक चार्ल्स मॅक्कन यांच्या नावाची जात वाढते. काहींचे कंद गुराखी आणि डोंगरातली मुलं पूर्वापार कच्चे खात आली आहेत. साळिंदर आणि रानडुकरंही खातात. एवढ्याने ती संपली नाही, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण दोष सहज गुराख्यावर ढकलला जातो.

तिचं फूल म्हणजे माशीसाठी रचलेला सापळा. वर पाकळ्यांचा पिंजरा, मधे नळी, खाली फुगीर कोठडी. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. वासाने ओढली गेलेली एक-दोन मिलिमीटरची माशी आत घसरते आणि केसांमुळे वर येऊ शकत नाही. कोठडीत फिरताना परागपुंज तिच्या सोंडेला चिकटतात. पुढे केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते, आणि दुसऱ्या फुलात पुन्हा अडकली तरच परागण होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पाचा वास जखमी मधमाशीसारखा असतो असं २०१६ मध्ये सिद्ध झालं. कोळ्याच्या तावडीतल्या मधमाशीवर येऊन तिचा रस चोखणाऱ्या माश्या त्या वासाला फसतात. म्हणजे ते फूल टिकायला मधमाशी हवी, कोळी हवा, ती विशिष्ट माशी हवी. आपल्याकडच्या प्रत्येक जातीचं गणित वेगळं असेल, पण सर्वांनाच माश्या लागतात आणि माश्यांना ओला पालापाचोळा, शेण, कुजकं काही तरी लागतंच. डास मारण्यासाठी टेकडीच्या कडेला धूर सोडताना हा विचार कोणी करत नाही.

इतकी खटपट असल्यामुळे ढीगभर फुलांतून एखाद-दुसरीच शेंगांची जोडी धरते. ती पिकते पाऊस सरल्यानंतर. शेंग तडकली की म्हातारीसारखा रेशमी झुपका लावलेलं बी वाऱ्यावर जातं. बी गोळा करायचं असेल तर शेंग हिरवट-पिवळसर झाल्यावर तिच्यावर मलमलच्या कापडाची सैल पिशवी बांधतात. प्लास्टिकची बांधली तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. त्याआधी परवानगी. वनखात्याच्या हद्दीतून बी उचलायलाही ती लागते. आणि किती घ्यायचं? बियाणं साठवणाऱ्या संस्थांचा सर्वमान्य दंडक असा, की त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांच्या वर हात लावायचा नाही. अतिदुर्मीळ जातीसाठी १० टक्केसुद्धा जास्तच. शक्य तितक्या वेगवेगळ्या रोपांवरून थोडं थोडं घ्यावं. एकाच भरगच्च रोपावरून मूठभर घेतलं तर पुढची सगळी रोपं एकाच आईची निघतात.

बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावं, पाकिटावर जात, जागा, तारीख आणि किती रोपांवरून घेतलं ते लिहावं. या बियांची उगवणक्षमता फार काळ टिकत नाही, म्हणून पुढच्याच पावसाळ्याच्या तोंडाशी, मेअखेरीस पेरावं. दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग भरड वाळू, एक भाग कुजलेला पाला. शेणखत नको. बियावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर थर. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून पाणी चढू द्यावं, झारीने वरून घातलं तर कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. एक-दोन आठवड्यांत उगवण होते. पहिल्या वर्षी कंद वाटाण्याएवढाच होतो आणि नोव्हेंबरात पानं पिवळी पडून वरचं सगळं वाळतं. इथे सर्वाधिक नुकसान होतं. रोप मेलं समजून कुंडी रिकामी केली जाते, नाहीतर जगवायच्या काळजीने हिवाळाभर पाणी घातलं जातं आणि कंद सडतो. दोन्ही टाळायचं. पान गेलं की पाणी बंद, कुंडी पावसापासून दूर सावलीत, थेट पुढच्या मेपर्यंत. वरून उंदरांसाठी जाळी.

शिवसुमनाची गोष्ट याच्या उलट आहे. शिंदळ माकुडी हे तिचं दुसरं नाव. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याचा गव्हर्नर बार्टल फ्रियर याचं नाव तिला दिलं. आता ती बूसेरोसिया या प्रजातीत धरतात. शिवनेरीच्या कड्यावर ती आहे, म्हणून शिवसुमन. पुरंदरजवळ वज्रगड, साताऱ्याकडे सज्जनगड अशा मोजक्याच जागा. तांबूस तपकिरी पाच टोकांचा तारा, त्यावर पिवळ्या खुणा. तिची एक खासियत अशी, की पावसाळ्यात तिला साधी पानं येतात आणि ती पानं इतर झाडांसारखी दिवसा कर्बवायू घेतात. उन्हाळ्यात पानं गळतात आणि उरलेलं मांसल खोड निवडुंगाच्या रीतीने रात्री रंध्रं उघडतं. ऋतूप्रमाणे श्वास घ्यायची पद्धत बदलणारी वनस्पती. उभ्या कड्यावर, बोटभर फटीत, मार्च ते मे तापलेल्या दगडाला चिकटून राहायचं तर एवढी तयारी लागतेच.

आणि वाढवायला ती सोपी आहे. तीन-चार इंचांचा खोडाचा तुकडा घ्यावा, कापलेलं तोंड सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यावं, मग खडी आणि मुरूम जास्त असलेल्या कुंडीत नुसता आडवा टेकवून ठेवावा. ओल्या तोंडाने लावला की कुजतो. मुळं धरेपर्यंत पाणी अगदी बेताचं. महिन्याभरात फूट दिसते. पुण्यातल्या अनेक बाल्कन्यांत ती आज अशी वाढते आहे. यामुळे ती वाचली असं मानलं जातं, ते मला पटत नाही. तुकड्यांपासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकाच रोपाच्या शंभर प्रती. त्यांच्यात वेगळेपणा नाही, एखादा रोग एकीला लोळवू शकला तर सगळ्यांना लोळवेल. कुठल्या कड्यावरून आली याची नोंद नसलेलं रोप कितीही सुंदर असलं तरी डोंगरावर परत लावण्याच्या लायकीचं नसतं. कुंडीतल्या शिवसुमनाला एक साधी अॅल्युमिनियमची पट्टी बांधून त्यावर मूळ ठिकाण खिळ्याने कोरून ठेवलं, तरी तिची किंमत किती तरी वाढते. पेनाने लिहिलेलं दोन उन्हाळ्यांत पुसून जातं.

आता धोक्यांकडे वळू. पाणलोटाच्या कामात उतारावर सलग समतल चर, म्हणजे एकाच पातळीवरून उताराला आडवे जाणारे चर, खणतात. खोल मातीच्या, धूप होणाऱ्या उतारावर त्यांचा उपयोग आहे. पण चार इंच मुरमाच्या गवताळ टप्प्यावर खणलेला चर कंदांची वस्ती उलटीपालटी करतो, आणि खणलेल्या मुरमाच्या बांधावर पहिल्यांदा उगवतं ते गाजर गवत. भारतात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातूनच झाली. चर आखण्याआधी एक पावसाळा त्या उतारावर फिरून ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा दोन वेळा नोंदी घ्याव्यात, एवढीच मागणी आहे. उन्हाळ्यात केलेलं सर्वेक्षण अशा जागी निरुपयोगी.

दुसरा मोठा धोका गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून तिची अफाट लागवड झाली. गुरं सहसा तोंड लावत नाहीत, तोडली की फुटते, शेंगा तडकून बी दूर उडतं. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. शेतकऱ्याला हे वरदान, पण हलाखीच्या मुरमावर जगायला सरावलेल्या वनस्पतींच्या जागेत खत घातलं की दांडगं तण त्यांना दाबून टाकतं. त्यावर तिची सावली. तिच्याखाली पावसाळ्यात फिरून बघा, चार-दोन जातींपलीकडे काही नसतं.

ती काढायची तर घाई करून चालत नाही. अख्खी टेकडी एका उन्हाळ्यात साफ केली तर एकदम मिळालेल्या उन्हात घाणेरी, रानतुळस आणि पिवळा कॉसमॉस शिरतात, आणि आधीचं बरं होतं म्हणायची पाळी येते. वर्षाला फार तर एक तृतीयांश भाग घ्यावा, आणि सुरुवात जिथे कंदवर्गीय वनस्पती अजून शिल्लक आहेत तिथून करावी, सगळ्यात गच्च झालेल्या जागेपासून नव्हे. गुडघ्याएवढी रोपं जुलैत, जमीन भिजलेली असताना, मुळासकट ओढून काढता येतात. मनगटाहून जाड बुंधा तोडून उपयोग नाही, फुटवे येतात. तो तोडला तर दर महिना-दीड महिन्याने फुटवे ओरबाडायची तयारी सलग दोन-तीन वर्षं ठेवावी लागते. ही तयारी नसेल तर हात घालू नये, कारण तोडून सोडलेलं झाड पूर्वीपेक्षा गच्च होतं. घाणेरीची रीत वेगळी. तिचं मुख्य मूळ जमिनीखाली दीड-दोन इंचांवर कुदळीच्या तिरक्या घावाने तोडायचं, आणि झुडूप मुळं वर करून तिथेच उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. फळं येण्याआधी हे केलं तर बी पसरत नाही. कॉसमॉस ऑगस्टमध्ये, कळ्या धरायच्या आत उपटावा. फुलांचे फोटो काढून झाल्यावर उपटू म्हटलं तर उशीर झालेला असतो.

चराईबद्दल शहरात एकच मत ऐकू येतं: बंद करा. कंदवर्गीय वनस्पतींच्या बाबतीत एवढं सरळ नाही. गुरं पूर्ण थांबली आणि गवत कापलंही गेलं नाही, तर जुन्या गवताचा जाड थर साचतो. त्याखालून कोवळा कोंब वर येत नाही, बी जमिनीला टेकत नाही, आणि फेब्रुवारीत तोच थर वणव्याला सरपण होतो. जूनपासून शेंगा फुटेपर्यंत बंदी, आणि बी पडून गेल्यावर, साधारण नोव्हेंबरअखेरीस, गवत कापू देणं किंवा मर्यादित गुरं सोडणं ही जुन्या गावरीतीच्या जवळ जाणारी व्यवस्था जास्त चांगली चालते. जाळरेषा डिसेंबर-जानेवारीतच काढून व्हायला हवी, तीन ते पाच मीटर रुंद, गवत कापून बाहेर नेलेली. कापलेलं गवत कडेला रचून ठेवलं तर तीच वात होते. कंद वणव्यातून सहसा वाचतो. जमिनीवर पडलेलं बी, पाचोळ्यातले किडे आणि कड्याच्या पायथ्याशी धरलेली शिवसुमनाची कोवळी खोडं वाचत नाहीत.

देवरायांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, तेव्हा थोडक्यात. पुण्यातून डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास मांडला आणि गारंबीसारख्या अजस्र वेलींची, मोठ्या वृक्षांची शेवटची ठाणी म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या. आज त्यांना कुऱ्हाडीइतकंच जीर्णोद्धाराचं भय आहे. वाळू-खडीचा ढीग राईच्या आत टाकला जातो, ट्रकसाठी वाट रुंदावते, भोवती फरशी येते, शोभेची झाडं येतात. बांधकाम साहित्य राईबाहेर उतरवून डोक्यावरून आत न्यायचं, हा एक नियम गावाने केला तरी अर्धं नुकसान टळतं. पडलेला वृक्षही तिथेच कुजू द्यावा.

पुनर्रोपण हा सगळ्यात शेवटचा उपाय, पण करायचाच असेल तर. आधी जुनी जागा शोधायची. पुण्याचं भाग्य असं, की इथे शंभर-सव्वाशे वर्षांचे वाळवलेले नमुने आणि ते वाचणारी माणसं आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून इथे आहे, आघारकर संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे. नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख असते. त्याच तारखेच्या आगेमागे त्या जागी जावं, कारण ती फुलायची तारीख असते. सोनघंटेसारखी वनस्पती, जिला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या रानडे यांचं नाव १८९४ मध्ये दिलं गेलं, अशाच जुन्या नोंदींच्या धाग्याने पुन्हा शोधता येते.

जागा सापडली आणि तिथला धोका दूर झालेला असेल, तरच रोपं न्यावीत. धोका तसाच असेल तर नेलेली रोपंही त्याच वाटेने जातात. खरपुडीसारख्या वनस्पतीचं हिरवं रोप कधी नेऊ नये, किमान दोन वर्षांचा निद्रिस्त कंद मेअखेरीस न्यावा. मुळांना लागलेली नर्सरीची माती पूर्ण धुवून काढावी. त्या मातीत सूत्रकृमी, बुरशी आणि तणाचं बी असतं, आणि मुरमाच्या त्या जागेने ते कधी पाहिलेलं नसतं. खड्डा कंदाच्या दुप्पट खोल, भरायला तिथलाच मुरूम, खत नाही. वर दोन-तीन सपाट दगड ठेवले की साळिंदराला उकरायला जड जातं आणि ओलही टिकते. बागेत शेजारी शेजारी दोन जाती वाढवलेल्या असतील तर तिथलं बी डोंगरावर नेऊच नये, संकर झालेला असू शकतो आणि पहिल्या पिढीत तो नजरेला येतोच असं नाही. आणि 'देशी' म्हणून विकली जाणारी प्रत्येक गोष्ट इथली नसते. रक्तचंदन भारतीय खरंच, पण ते आंध्रच्या पूर्व घाटातलं. पुण्याच्या टेकडीवर ते लावणं ही लागवड झाली, संवर्धन नव्हे.

फोटो टाकताना ठिकाणाचं नाव देऊ नये, मोबाइलच्या फोटोत दडलेले अक्षांश-रेखांशही काढून टाकावेत, जिल्हा सांगितला तरी पुरे. कंद उकरून नेणाऱ्यांइतकंच नुकसान एका फुलाभोवती आडवे पडून फोटो काढणाऱ्या पंचवीस जणांच्या पायांनी होतं, आणि त्या पंचवीस जणांचं फुलावर प्रेमच असतं. अचूक नोंद मात्र कुठेतरी हवीच. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. नोंदवहीत 'खरपुडी, आहे' एवढ्याने भागत नाही. कुठल्या उतारावर, फुललेली किती, न फुललेली किती, शेंगा किती, या वर्षी उगवलेली पिल्लं किती. यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. नेऊन लावलेले पन्नास कंद पाच वर्षं फुलत राहिले आणि आजूबाजूला एकही नवं पिल्लू दिसलं नाही, तर तिथे माशी नाही, किंवा बी रुजायला उघडा मुरूम उरलेला नाही. पुढच्या वर्षी आणखी कंद नेण्याआधी यातलं काय खरं आहे ते त्या उतारावर सप्टेंबरात गुडघे टेकून, भिंग घेऊन फुलं तपासत शोधायचं. कोठडीत माशी सापडली तर दोष रुजण्यात आहे. मग बी पडून जाईपर्यंत, साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबून त्या रोपांभोवतीचं गवत कापायला घ्यावं.